जुना रेडिएटर : बसतो, पण पेलतो का?

मे महिन्यातल्या दुपारी खोपोलीहून लोणावळ्याकडे येताना बोरघाटात एक दृश्य हमखास दिसते. रस्त्याच्या कडेला एखादी गाडी थांबलेली असते, तिच्या पुढच्या जाळीतून पांढरी वाफ निघत असते आणि आतली मंडळी झाडाच्या सावलीला बसलेली असतात. ‘गाडी तापली’ एवढेच म्हणून आपण पुढे जातो. पण ती तापली का, या साध्या प्रश्नाच्या पोटात उष्णतेचे बरेचसे शास्त्र दडलेले आहे.

कामशेतला आमच्या ओळखीचे एक व्हॅनवाले आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या व्हॅनचा रेडिएटर डिसेंबरात गळू लागला. नवा घ्यायचा तर खर्च बराच. म्हणून त्यांनी भंगाराच्या एका दुकानातून वापरलेला रेडिएटर आणला. उंची मोजली, रुंदी मोजली. बोल्ट आपापल्या जागी बसले. शाळेच्या मुलांना घेऊन कामशेत ते वडगाव अशा फेऱ्या सुरू झाल्या. जानेवारीत एकदा पहाटे पाहुण्यांना घेऊन व्हॅन घाटही चढून आली. तापमानाचा काटा निम्म्याच्या वर गेला नाही.

मे महिन्यात मात्र खोपोलीचे लग्न आटोपून आठ माणसे परत येत असताना अर्ध्या घाटात काटा तांबड्या पट्टीत गेला आणि वाफ उसळली. लोणावळ्याहून मिस्त्रींना बोलवावे लागले.

“मिस्त्री, रेडिएटर तर नीट बसलाय. पाच महिने काही तक्रार नाही. मग आजच काय झालं?” अण्णांनी विचारले.

मिस्त्रींनी रेडिएटर वाकून नीट पाहिला आणि म्हणाले, “अण्णा, बसलाय खरा. पण पेलत नाही.”

या एका वाक्यात सारे आले. गाडीत बसणे ही मापाची गोष्ट आहे. पेलणे ही उष्णतेची. जुना रेडिएटर घेणारे पहिली गोष्ट तपासतात आणि दुसरी विसरतात. ती कशी तपासायची, हे आपण पाहू.

घाट चढायला किती उष्णता लागते?

इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक चतुर्थांशच चाके फिरवण्याच्या कामी येते. सुमारे एक तृतीयांश इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. बाकीची बहुतेक धुराबरोबर निघून जाते. पाण्यात उतरलेली उष्णता बाहेरच्या हवेत सोडून देणे हे रेडिएटरचे काम.

आता घाटाचा हिशेब करू. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली पुरा झाला. त्याची एकूण चढण १,८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर आहे. खोपोलीहून लोणावळ्याला येणाऱ्या रस्त्यालाही जवळपास तेवढीच उंची चढावी लागते. आठ माणसांसह व्हॅनचे वस्तुमान १,३०० किलोग्रॅम धरू. तिला एवढे वर उचलायला १,३०० × ९.८ × ५५८, म्हणजे सुमारे ७१ लाख जूल कार्य करावे लागते. चढायला २० मिनिटे, म्हणजे १,२०० सेकंद लागले, तर दर सेकंदाला सुमारे ६,००० जूल. म्हणजेच शक्ती ६ किलोवॉट.

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना अशा व्हॅनला चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध यांच्यासाठी सुमारे ३ किलोवॉट पुरतात. घाटात ते तर लागतातच, वर उचलण्याचे ६ किलोवॉट वेगळे. एकूण झाले ९. कामशेत-वडगाव रस्त्याच्या मानाने इंजिनाला तिप्पट काम!

पाण्यात जाणारी उष्णता चाकांच्या कामाच्या सुमारे सव्वापट ते दीडपट असते. म्हणून सपाटीवर ४ किलोवॉट आणि घाटात १२ किलोवॉट उष्णता रेडिएटरने बाहेर टाकली पाहिजे. आंघोळीचे पाणी तापवणारे १ किलोवॉटचे विजेचे बारा रॉड एकाच वेळी लावले आहेत आणि तरीही पाणी उकळू द्यायचे नाही, असा हा खेळ आहे.

रेडिएटर हे कसे साधतो?

पंपाच्या जोरावर पाणी इंजिनातून निघते, वरच्या नळीने रेडिएटरच्या टाकीत येते, अनेक चपट्या बारीक नळ्यांतून जाते आणि निवून पुन्हा इंजिनात शिरते. या नळ्यांना धातूचे पातळ पत्रे चिकटवलेले असतात. मिस्त्री लोक या सर्वाला मिळून ‘जाळी’ म्हणतात. पत्र्यांमुळे हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. पाणी थंड असेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि पाणी सुमारे ८० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की उघडते.

पृष्ठभाग वाढवण्याची एवढी गरज का, हे दोन आकड्यांवरून कळेल. १ लिटर पाणी १ अंशाने निवताना जी उष्णता देते, ती घेऊन १ अंशाने तापायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते! सेकंदाला अर्धा लिटर पाणी रेडिएटरमधून वाहत असेल, तर १२ किलोवॉट बाहेर टाकताना ते जेमतेम ६ अंशांनी निवते. हवा मात्र २५ अंशांनी तापली असे धरले, तरी सेकंदाला चारशेहून अधिक लिटर लागते. घाटात मालमोटारींच्या मागे रखडलेल्या गाडीला वाऱ्याचा झोत मिळत नाही. तेव्हा सारी भिस्त पंख्यावर असते.

जानेवारीत चालला, मेमध्ये का नाही?

तापलेली वस्तू किती वेगाने निवते, हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. हा नियम न्यूटनने १७०१ साली मांडला. रेडिएटरलाही तो ढोबळमानाने लागू पडतो. हवेचा झोत तोच असेल, तर फरक दुप्पट झाला की बाहेर पडणारी उष्णताही दुप्पट होते.

समजा, अण्णांचा जुना रेडिएटर पाणी आणि हवा यांत ५० अंशांचा फरक असताना ८ किलोवॉट बाहेर टाकू शकतो. मग १२ किलोवॉट टाकायला फरक दीडपट, म्हणजे ७५ अंश हवा. जानेवारीच्या पहाटे हवा २० अंशांवर असेल, तर पाणी ९५ अंशांवर स्थिरावेल. काम भागले! मे महिन्याच्या दुपारी घाटाच्या पायथ्याशी हवा ४० अंशांवर असेल, तर तेच पाणी ११५ अंशांवर जाईल. सपाट रस्त्यावर ४ किलोवॉटसाठी २५ अंशांचा फरक पुरतो. त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथे रेडिएटरची कसोटी लागतच नाही. थर्मोस्टॅट पाण्याला ८० अंशांच्या आसपास धरून ठेवतो.

आता अण्णांचे कोडे सुटले. रेडिएटर मे महिन्यात बिघडला नव्हता. तो पहिल्या दिवसापासूनच अपुरा होता. फक्त चढण, ओझे आणि ऊन ही तिन्ही एकत्र येईपर्यंत ते कळले नाही.

पण ११५ अंशांवर पाणी पाणीच कसे राहील?

घरातला प्रेशर कुकर आठवा. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. रेडिएटरचे झाकण, म्हणजे गॅरेजच्या भाषेतली कॅप, हेच काम करते. तिच्या स्प्रिंगमुळे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक प्रमाणात वाढेपर्यंत वाफ सुटत नाही. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो हा दाब होय. १ म्हणजे जवळजवळ एक वातावरण. ०.९ च्या कॅपखाली पाणी सुमारे ११८ अंशांवर उकळते.

कॅपची स्प्रिंग ढिली पडली, की पाणी शंभराच्या आसपासच उकळू लागते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे, म्हणून उघड्या भांड्यातले पाणी तिथे ९८ अंशांवरच उकळते. अण्णांच्या रेडिएटरला कॅपही जुनीच होती. ११५ अंशांवर चांगल्या कॅपने पाणी कसेबसे धरले असते. ढिल्या कॅपने सोडून दिले.

घेताना काय जुळवून पाहावे?

(१) गाडीची नेमकी ओळख. “मारुती व्हॅनचा रेडिएटर द्या,” एवढे सांगून भागत नाही. १९८४ साली आलेली आणि पुढे ओम्नी या नावाने २०१९ पर्यंत बनत राहिलेली व्हॅन ३ सिलिंडरची, ७९६ घन सेंटिमीटरची. २०१० साली आलेल्या इकोचे इंजिन ४ सिलिंडरचे, ११९६ घन सेंटिमीटरचे. लोकांच्या तोंडी दोन्ही ‘मारुती व्हॅन’च! आकुर्डीला बनलेल्या जुन्या मॅटाडोरचेही तसेच. तिचे नाव तर आपल्याकडे कोणत्याही मोठ्या व्हॅनला चिकटले. म्हणून मॉडेल, वर्ष, इंजिनाची क्षमता, इंधन आणि वातानुकूलन आहे की नाही, हे सारे लिहून न्यावे. वातानुकूलित गाडीत रेडिएटरच्या पुढे आणखी एक जाळी असते. तिच्यातून येणारी हवा आधीच तापलेली असते. अशा गाडीला बिनवातानुकूलित गाडीचा रेडिएटर कमी पडू शकतो. सुटा भाग क्रमांक मिळाला तर फारच उत्तम. आणि काढलेला मूळ रेडिएटर सोबत न्यावा, हे सर्वांत उत्तम.

(२) जाळीचे माप. चौकटीचे नव्हे, जाळीचे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन रेडिएटरांपैकी एकाच्या टाक्या मोठ्या आणि जाळी लहान असू शकते. जाळीची उंची, रुंदी आणि जाडी तिन्ही मोजावीत. नळ्यांचे थर एक की दोन, हे बाजूने उजेडात पाहावे. दोन थरांचा रेडिएटर एका थराच्या बरोबर दुप्पट काम करतो असे मात्र नाही. मागच्या थराला पुढच्या थराने तापवलेली हवा मिळते. तरीही दोनाच्या जागी एक थर म्हणजे तोटाच.

(३) नळ्यांची तोंडे. ती डावीकडे आहेत की उजवीकडे, कोणत्या दिशेला वळली आहेत आणि व्यास किती, हे मूळ रेडिएटरशी ताडून पाहावे. ३८ मिलिमीटरच्या जागी ३२ चे तोंड असेल, तर वाहण्याची वाट सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. शिवाय मोठी रबरी नळी लहान तोंडावर क्लिपने आवळली, तर दाब वाढताच ती निसटते. नळी ओढून-ताणून बसवली, तर तिला मुरड पडते आणि पाण्याची वाट अडते.

(४) पंखा. त्याची पाती आणि जाळी यांत पुरेशी फट हवी. पंख्याभोवतीचे कडे बसले पाहिजे. नाही तर हवा जाळीतून न येता बाजूनेच फिरत राहते. विजेचा पंखा असेल, तर त्याला चालू करणारा तापमानाचा स्विच कोठे आहे ते पाहावे. तो रेडिएटरमध्ये असेल, तर त्याची जागा आणि आटे तेच हवेत.

(५) आधार. पकडीच्या जागा आणि त्याखालचे रबर जुळले पाहिजे. नवी भोके पाडून, तारेने आवळून बसवलेला रेडिएटर गाडीच्या धक्क्यांनी सांध्यात तडकतो.

(६) कॅप. ती नवीच घ्यावी आणि आकडा गाडीला सांगितला असेल तोच. कमी आकड्याने पाणी लवकर उकळेल. जास्त आकड्याने जुने सांधे आणि नळ्या फुटतील.

आतून कसा आहे?

मापे जुळली, तरी जुन्या रेडिएटरचे एक गुपित उरते. आतल्या किती नळ्या मोकळ्या आहेत? विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे वापरले, की कॅल्शियम कार्बोनेटची पुटे धरतात. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे. हे पूट त्याच्या शेकडो पटींनी वाईट. इंजिनातला गंजही सुटून बारीक नळ्यांत अडकतो. रस्त्यात गळती लागली, की काही चालक पाण्यात हळद टाकतात. भोक बुजते खरे, पण त्याबरोबर चांगल्या नळ्याही बुजू शकतात. कधी दुरुस्ती करताना गळकी नळी दोन्ही टोकांना डाग देऊन बंद केलेली असते. ४० नळ्यांपैकी ८ बंद असतील, तर पाण्याची एक पंचमांश वाट गेली.

तपासणी सोपी आहे. झाकणाच्या तोंडातून आत विजेरी मारून पाहावी. वरच्या टाकीत पाणी भरभर ओतावे. ते खालून तितक्याच वेगाने निघाले पाहिजे. थबकून वर आले, तर नळ्या तुंबल्या आहेत. तोंडे बंद करून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवतात आणि आत बेताची दाबित हवा सोडतात. बुडबुडे निघाले तिथे गळती. ही चाचणी रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्यावी. पितळी टाकीचा सांधा डाग देऊन दुरुस्त होतो. ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकची टाकी असेल, तर ती तडकल्यावर तो उपाय चालत नाही. जाळीचे पत्रे बोटाने दाबताच भुसभुशीत होऊन गळत असतील, तर रेडिएटर कितीही स्वस्त असो, तिथेच ठेवून यावा. बसवल्यावर साध्या पाण्याऐवजी गाडीला सांगितलेले कूलंट घालावे. ते गंज रोखते आणि उत्कलनबिंदूही थोडा वाढवते. मात्र बहुतेक कूलंटांत इथिलीन ग्लायकॉल हे विष असते आणि त्याची चव गोड असते. म्हणून ते मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना : तापलेल्या गाडीची कॅप कधीही उघडू नका. आतले पाणी शंभराच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसते. कॅप सैल होताच दाब उतरतो आणि ते एकदम वाफ होऊन अंगावर उसळते. इंजिन बंद करून पुरते निवू द्यावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नये. धातू एकदम आकसून तडकू शकतो.

करून पाहा

सारख्या आकाराचे दोन पत्र्याचे डबे घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्हींत ७५ अंशांपर्यंत तापवलेले अर्धा-अर्धा लिटर पाणी घाला. झाकणाला भोक पाडून तापमापक लावा. एक डबा टेबलपंख्यासमोर ठेवा, दुसरा वारा नसलेल्या कोपऱ्यात. दर दोन मिनिटांनी तापमान लिहा आणि आलेख काढा. ७० पासून ६० पर्यंत यायला किती वेळ लागला आणि ५० पासून ४० पर्यंत यायला किती? पंख्याने किती फरक पडला? घाट, वारा आणि ऊन यांचा सारा हिशेब तुमच्या वहीत उतरलेला दिसेल.

अण्णांचे पुढे काय झाले? तो रेडिएटर लहान इंजिनाच्या गाडीचा निघाला. दोनाच्या जागी एकच थर, शिवाय काही नळ्या डाग देऊन बंद केलेल्या. इंजिनाचे गॅस्केट जळाले आणि दुरुस्तीचा खर्च नव्या रेडिएटरच्या पुढे गेला. पुढच्या वेळी त्यांनी मूळ रेडिएटर पोत्यात घालून सोबत नेला, थर मोजले, पाणी ओतून पाहिले आणि वापरलेलाच, पण पेलणारा रेडिएटर आणला. जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही. तिच्यातला धातू आणि पैसा दोन्ही वाचतात. फक्त ती वस्तू आपल्या रिकाम्या जागेत बसते का, एवढेच न विचारता आपले सर्वांत अवघड काम तिला पेलेल का, हेही विचारले पाहिजे. आपल्या मावळात त्याची परीक्षा घ्यायला बोरघाट तयारच आहे.